लॅब्रॅडॉरच्या जेवणाच्या वेळा कशा लावायच्या? घरात माणसं नऊ, हात अठरा

अमळनेरची_ताई

नमस्कार मंडळी. आमचा ब्रुनो, लॅब्रॅडॉर, नर, वय तीन, नसबंदी झालेली. परवा दुकानातल्या काट्यावर (आमचं कृषी केंद्र आहे, पोती तोलायचा काटा) उभा केला तर ३८ किलो भरला. डॉक्टर म्हणाले ३० च्या आसपास हवा, दोन वेळा मोजून जेवण द्या, बाकी सगळं बंद.

आता आमच्या घरातला दिवस ऐका. मोठीआईचा नेम आहे, पहिली भाकरी गायीची आणि शेवटची कुत्र्याची. गाय विकली त्याला काळ लोटला, नेम मात्र मोडला नाही, म्हणून आता दोन्ही भाकरी ब्रुनोच्या. आठ वाजता काकांच्या चहाबरोबर ग्लुकोज बिस्किटं. दुपारी आई वरणभात कालवून घालते. पोरं शाळेच्या डब्यातलं उरलेलं गुपचूप त्यालाच देतात, म्हणजे डबा संपल्यासारखा दिसतो. बाबा दुकानातून येताना शेवेची पुडी आणतात, त्यात त्याचा वाटा ठरलेला. आणि एवढं असूनही ओट्यावर कोरड्या खाण्याची वाटी दिवसभर भरलेली, "असू दे, पोटाला आधार".

दोन वेळा म्हणजे नेमक्या कोणत्या? आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या बदलायच्या का? भाकरी चालते की पूर्ण बंद? आम्ही माळकरी, अंडं-मटण घरात येत नाही, त्याचं काय? आणि मुख्य म्हणजे घरातल्या माणसांना आवरायचं कसं? कुत्रा ऐकतो, माणसं ऐकत नाहीत.

पांझराकाठ

ताई, वेळा सोप्या आहेत. सकाळी सात, संध्याकाळी सात. वाटी ठेवायची, पंधरा-वीस मिनिटांत उचलायची, उरलं तर उरलं. दिवसभर भरलेली वाटी आजच आत ठेवून द्या. धुळ्यात आमच्याकडे तर वाटी खाली राहिली की कुत्र्याआधी मुंग्या जेवतात.

बांधावरचा_गडी

आमना मयामा कुत्रा शे. सांजले भाकर नि ताक, बस. कुत्राले घड्याय कोन दखाडस?

गंमत सोडा, पण खरंच विचारतो. आमचा गावठी दहा-अकरा वर्षांचा झाला, अजून रानडुकरामागे पळतो. त्याला ना वाटी ना पाकीट. शहरात कुत्र्यांचे जास्तच लाड चाललेत असं वाटतं.

रेल्वे_कॉलनी_भुसावळ

@बांधावरचा_गडी भाऊ, तुमचा कुत्रा रात्रभर मळा राखतो, दिवसा बांधाबांधाने हिंडतो. ताईंचा ब्रुनो कुलरसमोर झोपतो. एकाचं खाणं दुसऱ्याला कसं लागू पडणार? आणि सांजेला भाकर-ताक, म्हणजे तुमचीही वेळ लावलेलीच आहे की. तुम्ही तिला नाव दिलं नाही एवढंच.

ताई, आमच्या घरी दोघांचीही शिफ्ट ड्युटी. कधी पहाटे चारला निघायचं, कधी रात्री बाराला यायचं. आम्ही एवढंच ठरवलं, की जो घरात असेल त्याने सकाळी सहा ते सात आणि रात्री आठ ते नऊ या वेळात वाटी ठेवायची. फ्रिजवर कागद लावलाय, वाटी ठेवली की खूण करायची. नाहीतर आमची डॅशहुंड दोघांकडून दोन नाश्ते वसूल करायची, आणि दुसऱ्यांदा मागताना चेहरा असा की कालपासून पाणीसुद्धा मिळालं नाही.

एप्रिल-मे मध्ये मात्र आम्ही सकाळचं सहाच्या आत उरकतो. भुसावळात पारा ४५ च्या वर गेला की दुपारी ती तोंड लावत नाही, आणि लावूही नये. पाणी तीन ठिकाणी ठेवा, मातीच्या पसरट भांड्यात. स्टीलचं भांडं अंगणात राहिलं तर पाण्याचा काढा होतो.

गोठ्यातला_डॉक्टर

सरकारी दवाखान्यात आहे, दिवसातला बराच वेळ गाई-म्हशींत जातो, पण आजकाल कुत्रीही बरीच येतात. जरा सविस्तर लिहितो.

आधी ब्रुनोची बाजू. लॅब्रॅडॉर खादाड असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याला कारण आहे. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गायब असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचवण्यात या जीनचा हात असतो. त्यामुळे अशी कुत्री जास्त वजनाची आणि अन्नामागे जास्त लागणारी निघाली. ब्रुनो त्यांतला आहे का हे तपासल्याशिवाय कळणार नाही, पण "तो बघतोय कसा बिचारा" यावर भुकेचा अंदाज बांधू नका. लॅब्रॅडॉर जेवून उठल्यावरही तसाच बघतो.

आता हिशेब. कुत्र्याला नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा काढायचं सूत्र आहे: वजनाचा ०.७५ वा घात गुणिले ७०. ३० किलोला ते साधारण ९०० कॅलरी येतं. नसबंदी झालेल्या, वजन योग्य असलेल्या कुत्र्याला याच्या दीडपट-पावणेदोनपट लागतं. वजन उतरवायचं असेल तर सुरुवात त्या ९०० वरच करायची. तीही आजच्या ३८ किलोवर धरायची नाही, जे वजन हवं त्यावर धरायची.

तुमच्या घरातला रोजचा जमाखर्च बघा. शंभर ग्रॅम दादर ज्वारीच्या पिठाची भाकरी सव्वातीनशे-साडेतीनशे कॅलरीची. दोन भाकरींत सातशे झाले, दिवसाचा कोटा सकाळच्या चुलीवरच संपत आला. ग्लुकोज बिस्किटं शंभर ग्रॅमला साडेचारशे. शेव साडेपाचशेच्या आसपास, वर मीठ आणि तिखट. वरणभात आणि भरलेली वाटी अजून धरलेलीच नाही.

मी असं करा म्हणेन. सकाळी एक झाकणाचा डबा घ्या आणि ब्रुनोचं दिवसभराचं सगळं खाणं त्यात मोजून काढा. ज्याला जे द्यायचंय ते त्याच डब्यातून. काकांना चहाबरोबर काही द्यायचंय? डब्यातले चार दाणे द्या. डबा रिकामा झाला की दिवस संपला. माणसांचे हात थांबत नाहीत हे मला गोठ्यातल्या अनुभवावरून पक्कं माहीत आहे. म्हशीलासुद्धा कोणीतरी येता-जाता सरकी टाकतंच. हात थांबवण्यापेक्षा डबा एक ठेवणं सोपं.

मोठीआईंचा नेम मोडू नका. उलट डब्याची किल्ली त्यांच्याकडेच द्या. त्यांना म्हणावं, गायीच्या वाटणीची भाकरी शेजारच्या गोठ्यात पाठवा आणि ब्रुनोची छोटी थापा, ५० ग्रॅम पिठाची. भाकरी पूर्ण एक राहील, कॅलरी १६५-१७०. उरलेलं मुख्यतः कोरडं खाणं, दोन वेळांत मिळून १८० ग्रॅमच्या आसपास. पाकिटावर शंभर ग्रॅमला किती कॅलरी लिहिल्यात ते बघून आकडा थोडा इकडेतिकडे करा. मोजायला वाटी नको, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. वाटी प्रत्येकाच्या हातात वेगळी भरते. राहिलेल्या ८०-९० कॅलरीत दही, घट्ट वरण, उकडलेला भोपळा किंवा गवार. वरण फोडणीआधी काढून ठेवलेलं, मीठ-तिखट-लसणाशिवाय.

खाणं बदलताना एकदम बदलू नका, आठवडाभरात जुनं कमी नवं जास्त करत न्या. वजन आठवड्याला एक ते दोन टक्क्यांनी उतरलं तर उत्तम. उपाशी ठेवून झटपट उतरवायला जाऊ नका. आणि इतकं काटेकोर करूनही काटा हललाच नाही तर थायरॉईडसाठी रक्त तपासून घ्या.

पुणेवासी_खान्देशी

डॉक्टरसाहेबांचा आदर ठेवून म्हणतो, भाकरी कशाला? कुत्रा लांडग्याचा वंशज. मांस हेच त्याचं अन्न. आम्ही इकडे पूर्ण कच्च्या मांसावर ठेवलाय, केस बघा कसे चमकतात.

गोठ्यातला_डॉक्टर

वंशज आहे, लांडगा नाही. २०१३ मध्ये "नेचर"मध्ये शोधनिबंध आला होता. कुत्र्यात एएमवाय२बी या जीनच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, त्याचं काम पिष्टमय पदार्थ पचवण्याचं. माणसाच्या उंबऱ्याशी राहून राहून त्याचं पोट बदललं. शिजलेली भाकरी त्याला पचते. फक्त भाकरीवर भागत नाही, ती गोष्ट वेगळी. भाकरी-दूध, भाकरी-ताक यात प्रथिनं आणि बरीच खनिजं कमी पडतात.

नुसत्या मांसाचंही तेच. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र, वाढत्या पिल्लाला असं दिलं तर हाडं ठिसूळ होतात. कच्च्या मांसातून जंतू येतात ते कुत्र्याबरोबर घरातल्या लहान मुलांनाही त्रास देतात. आपल्याकडे मे महिन्यात मांस बाजारातून घरी येईपर्यंत काय अवस्थेत असतं ते सांगायला नको.

बांधावरचा_गडी

म्हणजे माझ्या कुत्र्याला ताकाबरोबर अजून काय देऊ? टर उडवत नाही, सांगा.

गोठ्यातला_डॉक्टर

आप्पा, उकडलेलं अंडं रोज एक, कधी बिनहाडाचं कोंबडीचं मांस, कधी उकडलेली तूर-मुगाची डाळ. आणि भाकर सांजेला एकदम देण्याऐवजी अर्धी सकाळी द्या. वयस्कर कुत्र्याला एकदम भरपेट घातलेलं जड जातं. तीन महिन्यांनी जंताची गोळी आणि वर्षाला रेबीजची लस चालू ठेवा, रानात हिंडणारा आहे.

अमळनेरची_ताई

डॉक्टरसाहेब, डब्याची आयडिया घरात मांडली. मोठीआई खूश, तिच्या हातात कारभार आला ना. काका रुसलेत.

शाकाहाराचं राहिलं. दुकानात बिनमांसाचं कोरडं खाणं मिळतं, आम्ही तेच आणतो. ते पुरतं का?

गोठ्यातला_डॉक्टर

मांजर असतं तर नाही म्हणालो असतो, मांजराला मांसाशिवाय चालत नाही. कुत्रा शाकाहारावर राहू शकतो, पण घरच्या घरी अंदाजाने नाही. पाकिटावर प्रौढ कुत्र्यासाठी संपूर्ण व संतुलित आहार असं स्पष्ट लिहिलेलं आहे का बघा. असेल तर तोच मुख्य आहार ठेवा, भाकरी-वरण त्याच्या जोडीला, उलट नको. पाकीट बंद करून सगळं घरचंच करायचं ठरवलं तर बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, काही अमिनो आम्लं बाहेरून द्यावी लागतात, आणि ते कुत्रा समोर बघून, रक्त तपासूनच ठरवतात.

रेल्वे_कॉलनी_भुसावळ

आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आली आहे म्हणून आठवण करते. आमरसाचा गर चमचाभर दिला तर काही बिघडत नाही, पण कोय! घरोघरी परातभर कोयी निघतात आणि उकिरड्यावर जातात. आमच्या कॉलनीत एका कुत्र्याने गिळली, आतड्यात अडकली, ऑपरेशन करावं लागलं. कोयींची बादली झाकणाची ठेवा.

मक्याचं कणीस तसंच. दाणे खाऊन झाले की पोरं बुरखुंडा कुत्र्याकडे फेकतात. तो पचत नाही आणि एक्स-रेतही नीट दिसत नाही, असं आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पांझराकाठ

पुरणपोळीचं काय? आमच्याकडे आखाजीला खापरावरचे मांडे होतात, कुत्र्याला एक ठरलेला असतो.

गोठ्यातला_डॉक्टर

घास द्या, अख्खा मांडा नको. खरी भीती तुपाची आहे. वरणबट्टीच्या पंगतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या होणारी, पाठ कमानीसारखी करून उभी राहणारी कुत्री हमखास येतात. स्वादुपिंडाला सूज आलेली असते. एकदम खूप तूप-तेल पोटात गेलं की असं होऊ शकतं, आणि ते जिवावर बेततं.

रश्श्यात भाकरी चुरून देणं तर आपल्या भागात सर्रास चालतं. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात कांदा-लसणाचं वाटण असतं. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवलेला असो, वाळवलेला असो, की कच्चा. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांद्याने रक्तात बदल दिसतात. एवढा कांदा एकदम कोणी देत नाही हे खरं, पण रोज थोडा थोडा रस्सा देणारे खूप आहेत. लक्षणं लगेच दिसत नाहीत, दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, तोवर रस्सा दिलेला कोणाच्या लक्षात नसतो. भरीत-पुरीच्या पार्टीतलं भरीत त्याच कारणासाठी नको. चुलीत भाजलेलं साधं वांगं, मसाला पडण्याआधीचं, घासभर चालेल.

मनुका आणि द्राक्षं अजिबात नकोत, एकही नाही. मूत्रपिंडं बंद पडतात. चॉकलेट नको. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं काही नको. शिजवलेली हाडं नकोत, त्यांचे टोकदार तुकडे होतात. केळं? आपलंच पीक आहे, दोन-तीन चकत्या खुशाल द्या, त्या डब्याच्या हिशेबात धरा.

यावलचा_पाहुणा

माझा जर्मन शेफर्ड आहे, ४० किलो. तो दिवसातून एकदाच रात्री जेवतो आणि लगेच फिरायला जातो. चालेल ना?

गोठ्यातला_डॉक्टर

हे आजच बदला. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. एकदम मोठं जेवण, तेही भराभर, यानं तो वाढतो. आधी फिरवून आणा, अर्धा-पाऊण तास विसावू द्या, मग जेवण. जेवणानंतर तास-दोन तास पळवू नका. खाणं दोन वेळांत वाटा. पोट ढोलासारखं ताठ झालं आणि ओकाऱ्या काढतोय पण बाहेर काही येत नाही असं दिसलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थांबायचं नाही, जिथे ऑपरेशन होतं तिथे गाडी काढायची. तुमच्या बाजूने जळगाव जवळ पडेल, फोन नंबर आजच काढून ठेवा.

पुणेवासी_खान्देशी

वजनाच्या बाबतीत मात्र डॉक्टरांना दुजोरा. २००२ मध्ये छापून आलेला अमेरिकेतला एक अभ्यास आहे. ४८ लॅब्रॅडॉर, पिल्लं असल्यापासून जोड्या लावलेल्या, एकाला जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणं, आयुष्यभर. कमी खाणाऱ्यांचं आयुष्यमान १३ वर्षं भरलं, जोडीदारांचं ११.२. सांधेदुखीही त्यांना उशिरा सुरू झाली. आणि गंमत म्हणजे हा अभ्यास कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या कंपनीनेच केलेला.

पांझराकाठ

खाणं विकणारा म्हणतोय कमी घाला, म्हणजे खरंच असणार.

अमळनेरची_ताई

आखाजी पार पडली, कोयींची बादली माळ्यावर होती. ब्रुनो काल ३६.४ भरला.

काय जमलं, काय नाही ते लिहिते. वेळा आम्ही पहाटे पावणेसहा आणि रात्री आठ अशा लावल्या. पहिले काही दिवस अकरा वाजता तो ओट्यापाशी जाऊन भुंकायचा, आई विरघळायची. मग मोठीआईने डबा आपल्या खाटेखाली ठेवला. तिच्यासमोर कोणाची हिंमत होत नाही. पोरांच्या डब्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही, शनिवारी सकाळची शाळा असली की याच्या तोंडाला पोळीचा वास येतोच. बाबांनी शेव बंद केली, ती मात्र स्वतःच्या बीपीमुळे.

फासळ्या आता हाताला लागतात. आधी बोट रुतायचं. वरून बघितलं की कंबर अजून दिसत नाही.

काकांना बिस्किटाऐवजी द्यायला काही सुचवा, ते डब्यातले दाणे देऊन समाधानी नाहीत. म्हणतात, याला काय द्यायचा आनंद?

रेल्वे_कॉलनी_भुसावळ

काकडी! गार, जाड चकत्या. कर्रकर्र आवाज येतो, काकांना द्यायचा आनंद आणि त्याला खायचा. गाजरही चालतं.

बांधावरचा_गडी

एक विचारायचं राहिलं. मळ्यात नवीन पिल्लू आणलंय, दोन महिन्यांचं असेल. पोरगा त्याला बाटलीने गायीचं दूध पाजतो, दिवसभर हगवण. वेळा कशा ठेवू?

गोठ्यातला_डॉक्टर

आप्पा, दूध बंद करा. दोन महिन्यांच्या पिल्लाला बाटली लागतच नाही आणि गायीचं दूध कित्येकांना पचत नाही. आज-उद्या त्याला तालुक्याच्या दवाखान्यात दाखवा. या वयात हगवणीने अंगातलं पाणी लवकर आटतं, शिवाय पार्व्होही (पिल्लांना होणारा विषाणूचा आजार) असू शकतो. जंताची गोळी आणि लसीचं तिथेच ठरेल.

खाणं दिवसातून चार वेळा, थोडं थोडं: सकाळी, दुपारी सावलीत, दिवेलागणीला, झोपायच्या आधी. पिल्लांसाठीचं कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवून दिलं तर सगळ्यात बरं. हगवण थांबेपर्यंत मऊ भात आणि बिनहाडाची उकडलेली कोंबडी, मिठाशिवाय. तीन महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. मोठ्या कुत्र्याच्या वाटीशेजारी त्याची वाटी ठेवू नका, दोघांत अंतर ठेवा.

बांधावरचा_गडी

पोराला सांगितलं. सकाळीच शिरपूरला नेतो.

यावलचा_पाहुणा

डॉक्टरसाहेब, दोन वेळा सुरू केलं. सकाळी सात, संध्याकाळी सहा. पण दोनदा पहाटे पिवळा फेस ओकला. खातो-पितो नीट, खेळतो पण. काही गडबड?

गोठ्यातला_डॉक्टर

संध्याकाळी सहा ते सकाळी सात, तेरा तास पोट रिकामं राहतं. काही कुत्र्यांना त्यात पित्त वर येतं. रात्रीचं जेवण आठ-साडेआठला ढकला, किंवा त्यातलंच मूठभर काढून झोपताना द्या. जास्तीचं नको, त्यातलंच. तरी थांबलं नाही, खाणं सुटलं किंवा फेसात रक्त दिसलं तर घेऊन या, पोट तपासून बघू.